पानामागे ऐंशी रुपये

कोर्ट दिवाळीपुऱ्यात गेलं, त्याला वर्षं झाली.
न्यायमंदिराच्या बाहेर माझं टेबल तेवढं राहिलं,
सूरसागराकडे पाठ करून.
वर पाटी:
भाषांतर. मराठी, गुजराती, इंग्रजी.
पानामागे ऐंशी रुपये. दर सर्वांना सारखा.

देवकुंवरबेन भर दुपारी आल्या,
पिशवीत शेव, पदराखाली पाकीट.
जन्म दीवचा, घोघल्याचा, पोर्तुगीज अमदानीतला.
त्या एका नोंदीवर त्यांचा किरीट
पोर्तुगालचा नागरिक झाला
आणि पोर्तुगालात एक रात्रही न काढता
तिसऱ्याच देशात, गोदामात लागला.
"मारो दीकरो केस जीत्यो.
वांचो ने, शुं लख्युं छे."

निकाल दोन पानांचा.
किरीटच्या लेकीचा भत्ता त्या शहरानं नाकारला होता:
आधी इथं पाच वर्षं काढा, मग मागा.
तिथल्या माणसांना असली अट नव्हती.
न्यायाधीश म्हणतात, हे चालणार नाही.
संघातल्या एका देशाचा नागरिक
दुसऱ्या देशात रीतसर राहत असेल
तर त्याला तिथल्यांच्या बरोबरीनं...

इथं पेन थांबलं.
समान वागणूक.
बरोबर आहे, कोशात तेच आहे.
पण वागणूक म्हटलं की मला
प्रगतिपुस्तकातला शेवटचा रकाना दिसतो,
'समाधानकारक' लिहिलेला.

बाईंनी ऐकलं, मान हलवली.
"एटले वहालां-दवलां नहीं करवानां."

झालं.
सत्तावीस देशांनी मिळून लिहिलेलं कलम
त्या शेंगा सोलता सोलता बोलावं तसं बोलून गेल्या.

मला मात्र दांडिया बाजारातली एक मुंज आठवली.
वाढप्यापाशी दोन डाव होते.
मोठा, बँकेच्या साहेबांच्या रांगेला.
लहान, आमच्या.
बाबांच्या पानावर श्रीखंड पडलं
विड्याला चुना लावावा तेवढं.
मीठ भरपूर होतं.
बाबा काही बोलले नाहीत, पोळी चुरत राहिले.
घरी येईपर्यंत आईही गप्प,
मग चपला काढताना एकच शब्द:
पंक्तिप्रपंच.

लिहायचं गुजरातीत होतं,
तरी कच्च्या कागदावर मी मराठीत लिहून पाहिलं:
'नागरिकांत पंक्तिप्रपंच करू नये.'
कितीतरी वेळ बघत राहिले.
मग खोडलं. खाली शिक्का मारायचा असतो.

दुसरं पान अर्धंच होतं.
हा निकाल संघाच्या नागरिकांपुरता.
इतरांना वेगळे नियम, वेगळी खिडकी.

त्याच गोदामात, त्याच पट्ट्यापाशी
माझा भाचा श्रीरंग उभा असतो,
वाघोडिया रोडचा. पासपोर्ट आपला,
परवाना दरवर्षी नवा.
जड खोकं आलं की किरीट एक टोक धरतो,
हा दुसरं.
दोघांच्या मुली एकाच बालवाडीत,
एकमेकींचे डबे खातात.

बाई विसरल्या नव्हत्या.
"अने तमारो भाणो?"

काय सांगू?
की आत डावं-उजवं नाही, अगदी खरं,
सगळ्यांना एकच डाव,
पण दाराशी कुणीतरी यादी घेऊन उभं आहे.
मी एवढंच म्हटलं,
त्याचं पान मांडलेलं नाही.

त्यांना मराठी येत नाही. कळलं असावं.
पाकीट उघडून, नोटा मांडीवर सरळ करून
एकशे साठ ठेवले.
मी ऐंशी परत केले.

"भाव तो बधानो सरखो लख्यो छे ने?"
पाटीकडे बघत त्या म्हणाल्या.

लख्यो छे, मी म्हटलं,
आणि पहिल्या पानावर शिक्का मारला.